एक चांगला की दोन साधे

झोप उडायला काहीतरी मोठं कारण लागतं, असं मला लग्नाआधी वाटायचं. या उन्हाळ्याआधी माझी झोप उडाली ती हेडफोनपायी. तोही माझा नव्हे, माझ्या पाच वर्षांच्या सांचीचा. एक चांगला घ्यावा की दोन साधे? चांगला एकच घेतला आणि नेमका घरी राहिला, तर शाळेत काय करायचं? दोन साधे घेतले, एक घरी, एक शाळेत, आणि ऐन वेळी दोघांनीही आवाज अडवला नाही तर? या कुशीवर वळलं की एक चांगला, त्या कुशीवर वळलं की दोन साधे. शेजारी नवरा निवांत घोरत होता. त्याच्यावर मात्र दोन्ही चालले नसते!

अशी एक काळजी घरात शिरली की तिच्या मागून किस्से येतात. लग्नघरात पाव्हणे येतात तसे, बोलावलेले थोडे आणि न बोलावलेले जास्त. आता इतके जमलेत की मैत्रिणी म्हणतात, लिहून टाक. म्हणून लिहितेय.

आमचं गाव भद्रावतीजवळ, कोळशाच्या उघड्या खाणीला लागून. दुपारच्या डब्यानंतर कधीतरी खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी भोंगा, मग जीव खाणारी शांतता, मग धुडूम! घर हलतं. भोंगा झाला की गावातल्या बाया हातातलं काम टाकून भांड्यांच्या मांडणीला पाठ लावून उभ्या राहतात. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाच्याही आधी हे शिकवलं.

"भोंगा झाला का पयले मांडणी धरायची. नवरा खाणीत हाय, त्याचं मंग पाहू!"

मी बी.एस्सी. फर्स्ट क्लास. तेव्हापासून दुपारी घरी असले की मांडणी धरून उभी असते.

गावाला सवय आहे. सांचीला नाही. बाळ असताना ती धुडूममध्येही झोपून राहायची, आणि मागच्या पावसाळ्यानंतर काय झालं कोण जाणे, भोंगा ऐकला की कानांवर हात ठेवून पळायला लागली. कुठे, ते तिलाही माहीत नसतं. आवाजापासून लांब, एवढंच.

आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही, की तो भोंगा माझा नवरा वाजवतो. निखिल ब्लास्टिंगच्या टोळीत आहे. सांचीला हे माहीत नव्हतं. "बाबा काय करते?" म्हणून विचारलं की मी सांगायचे, "बाबा कोळसा आणतो."

*

शाळेच्या फाटकासमोर पाणीपुरवठ्याचा एक मोठा सिमेंटचा पाईप कधीचा पडून आहे. योजना आली नाही, पाईप आला. पोरांना न्यायला आलेल्या आम्ही बाया त्याच्यावर बसतो. आम्ही म्हणजे मुख्यतः तिघी. मी, शालूताई आणि कौसाबाई. शालूताईचा नवरा खाणीत डंपर चालवतो आणि ती स्वतःची जीभ चालवते. तिचा वेदांत सांचीच्याच वर्गात आहे. कौसाबाई नातवाला न्यायला येते. तलावातली मासोळी सकाळी विकून झालेली असते, रिकामी टोपली सोबत असते. शाळा सुटायला वेळ असतो तरी मी आधीच जाऊन बसते. का, ते आता सांगते.

एका दुपारी मी सहज लवकर येऊन बसले होते, तेवढ्यात भोंगा झाला आणि फाटकातून माझी पोरगी बाहेर आली. कानांवर हात, आणि डोळे घट्ट मिटलेले! डोळे मिटून ती रोडकडे धावत होती. रोडवरून कोळशाचा टिप्पर येत होता.

मी उठले. एवढंच केलं. आई असून मी नुसती उभी राहिले.

कौसाबाईने टोपली उचलली आणि सरळ टिप्परच्या काचेवर फेकली. करकचून ब्रेक लागले. तेवढ्यात शालूताईने सांचीच्या दप्तराचा पट्टा धरून तिला मागे ओढलं. मग धुडूम झालं, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

ड्रायव्हर खाली उतरला. काच हाताने चाचपत ओरडला, "ओ बाई! टोपली काऊन फेकली? काच फुटली असती ना!"

कौसाबाई म्हणाली, "पोट्टी तुले दिसली नाई, टोपली दिसली. झालं ना काम? जा आता!"

दुसऱ्या दिवशी सांचीच्या वर्गाच्या रजनी मॅडमनी मला बाजूला घेतलं. मॅडम कडक, पण वाईट नाहीत. म्हणाल्या, "सांचीची आई, राग मानू नका. मी एकटी आणि एवढी लेकरं. कडी लावली तर ती उघडते. पुन्हा एकदा पळाली, तर या वर्षी तिला घरीच ठेवा. रोडवरचं काही माझ्याच्यानं पाहवणार नाही."

मला राग आलाच नाही. त्यांच्या जागी मी असते तर तो 'पुन्हा एकदा'सुद्धा दिला नसता.

*

चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान एकदम छान. भीती आहे, हळूहळू जाईल. तोवर आवाज अडवणारा, लहान मुलांचा हेडफोन द्या. गाणी ऐकायचा नव्हे, नुसता कान झाकायचा.

मी फोनवर शोधायला बसले आणि तिथेच फसले. एक होता चांगला, जाड गादीचा, ज्याने वापरला त्याने नावाजलेला. तेवढ्याच पैशांत दोन साधे येत होते. मी एवढे अभिप्राय वाचले की परीक्षेला बसले असते तर पुन्हा फर्स्ट क्लास आला असता.

पाईपवर विषय काढला.

"दोन घे," शालूताई लगेच म्हणाली. "एक हरवाले आन एक सापडाले. माह्या वेदांतची एक बी बाटली घरी परत येत नाई."

"पण साध्यानं आवाज थांबला नाही तर?"

"मंग एक घे चांगला."

"तो घरी विसरला तर?"

"प्रीती, तू मले इचारून राह्यली का मले भेव दाखवून राह्यली वं?"

कौसाबाई म्हणाली, "माय, मी सांगू का? मी तलावात उतरतो ना, तवा डोकं पाण्यात गेलं का भोंगा नाई का धुडूम नाई. काईच ऐकू येत नाई."

"मग शाळेत काय करू, कौसाबाई? बादली ठेवू?"

"बादली काऊन? टाकी हाय ना!"

सांगायला लाज वाटते, पण घरी येताना मी शाळेच्या टाकीकडे एकदा पाहिलं. झाकणाला कुलूप आहे, हे बघून हायसं वाटलं.

*

निखिलला हे सगळं ऐकून वाटलं, आपल्या हाताशी असताना बायको बाहेर कशाला शोधतेय? तो खाणीतलं कान झाकायचं घेऊन आला. जुनं, बदलीत निघालेलं, पिवळंजर्द. "ब्लास्टिंगवाले हेच घालते," तो अभिमानाने म्हणाला. "याच्यापरीस चांगलं दुकानात बी नाई भेटत."

सांचीला घातलं. ते कानांवरून घसरून गळ्यात आलं. निखिलने पट्टी आवळली, पुन्हा घसरलं. मी वरून रिबिनीने बांधलं. आता ते एका कानावर आणि एका डोळ्यावर बसलं. मी सेफ्टी पिन आणली, निखिलने चिकटपट्टी आणली. आम्ही दोघं शिकलेली माणसं, पोरीच्या डोक्यावर दुरुस्तीचं काम काढून बसलो होतो.

शेवटी मी तिला म्हटलं, "तू दोन्ही हातांनी दाबून धर बरं. असं! आता बघ."

सांचीने दोन्ही हातांनी ते कानांवर दाबून धरलं. आमच्याकडे पाहिलं. जरा विचार केला.

"आई, हात तं मी तशे बी ठेवते. मंग हे कशाले?"

निखिल पिवळं कानझाकण गुपचूप पिशवीत घालून परत घेऊन गेला.

*

मग एका शनिवारी सांचीला घेऊन बसने चंद्रपूरला गेले. तिथल्या दुकानात दोन्ही प्रकार समोर मांडले. दुकानदार भाऊ बोलका होता. "मॅडम, हा चांगलावाला घ्या. लेकराच्या कानात मुंगी बी नाई शिरत."

मी म्हटलं, "मुंगीचा प्रश्न नाही हो भाऊ, ब्लास्टिंगचा आहे. परीक्षा कशी करू?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "आवाजच पाहिजे ना? थांबा!" आणि बाहेर जाऊन त्याने दुकानाचं शटर धाडकन खाली ओढलं.

चांगला हेडफोन माझ्या कानांवर होता. खरंच काही ऐकू आलं नाही. त्याने शटर वर उचललं तेव्हा मी हात वर करून मान डोलावली. त्याला वाटलं, अजून जोरात पाहिजे. त्याने ते पुन्हा धाडकन आपटलं.

पुन्हा शटर वर गेलं तेव्हा मला समोरची गल्ली दिसली. समोरचा कापडवाला शटर ओढत होता. त्याच्या शेजारचा मिठाईवाला परातींवर फडकी टाकत होता. एक फळवाला गाडी पळवत नेत होता. बाया लेकरांना काखेत मारून लगबगीने निघाल्या होत्या. आणि हे सगळं माझ्यासाठी एकदम मुकं! मी हेडफोन काढला आणि गलका ऐकू आला.

"बंद हाय का? कायचा बंद हाय?"

"मालूम नाई! तू पयले लाव!"

माझा जीव गेला. सांची कुठे आहे? मागे वळून पाहिलं तर ती काउंटरखाली बसलेली, कानांवर हात, डोळे मिटून. मी तिला उचलून छातीशी धरलं. दुकानदार भाऊ बाहेर धावत जाऊन एकेकाला सांगत होता, "कायी नाई बाप्पा, कायी नाई! हेडफोन दाखवून राह्यलो!"

कुणाचा विश्वास बसेल? कापडवाल्याने त्यानंतर शटर उघडलं, पण अर्धंच.

त्या धांदलीत मी चांगला हेडफोन घेतला. "नाई जमला तं परत आणा," भाऊ म्हणाला. एवढ्या गोंधळानंतर दुसरं काय म्हणणार होता!

*

रविवारी शाळा नसली तरी भोंगा असतो. डबा झाला. मी मांडणीजवळ, सांची समोर पाटावर, कानांवर नवा हेडफोन. भोंगा झाला. सांची हलली नाही. धुडूम झालं. माझ्या पाठीशी ताटं थडथडली. सांची चित्र काढत होती! मी मांडणी धरूनच रडायला लागले.

सांचीने माझं तोंड पाहिलं. "झालं का?" तिने विचारलं.

मी मान हलवून हो म्हटलं.

थोड्या वेळाने पुन्हा, "झालं का?"

"हो गं बाई, झालं!" पण तिला ऐकू कुठे येतंय?

मी हेडफोन काढायला गेले तर ती किंचाळली. तिने झालेलं ऐकलंच नव्हतं, तर झालं कसं म्हणायचं? तिच्या हिशेबाने धुडूम अजून यायचंच होतं. ती हेडफोन घालून जेवली. घालून अंगणात बसली. शेजारणीने हाक मारली तर दचकून पळाली, कारण शेजारीण तिला अचानकच दिसली. घामाने कान भिजले तरी काढेना. झोपेतसुद्धा एकदा म्हणाली, "झालं का?"

मला वाटत होतं, पोरगी आवाजाला भिते. ती वाट पाहण्याला भीत होती. हे मला आधी का सुचलं नाही, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

मी हेडफोन परत करायला चंद्रपूरला गेले. दुकानदार भाऊने विचारलं, "काय झालं मॅडम? आवाज आत येते का?"

"नाही हो. अजिबात येत नाही. म्हणूनच परत करतेय."

तो शेजारच्या दुकानाकडे तोंड करून ओरडला, "अरे भाऊ! चालते म्हणून परत करनारं गिऱ्हाईक पयल्यांदा पाहून राह्यलो!"

मी दोन साधे घेऊन आले. एक गुलाबी, एक निळा. त्यातून थोडा आवाज आत येतो. लांबून आल्यासारखा. 'झालं', एवढं कळण्यापुरता.

*

दोन साधे घेऊनही मी घाबरलेलीच. पाईपवर बसून तेच तेच बोलत होते. शाळा सुटली होती, सांची माझ्या गुडघ्याशी उभी होती. भोंगा त्या दिवशी लवकर होऊन गेला होता, ती जरा खुलली होती. तिने सहज विचारलं, "आई, भोंगा कोन वाजवते?"

मी काही म्हणायच्या आत शालूताई म्हणाली, "तुह्या बापालेच इचार ना!" आणि तिने जीभ चावली. पण जीभ आधी चालली होती.

संध्याकाळी निखिल आला, हातपाय धुतले, आणि बघतो तर पोरगी दारात उभी.

"बाबा, भोंगा तू वाजवते?"

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. खाली बसला. तिच्या उंचीवर आला. "लोकायनं बाजूले व्हावं म्हणून वाजवतो, बेटा. कोनाले लागू नये म्हणून."

सांचीने ऐकून घेतलं. आता ही बापाला कधी जवळ येऊ देणार नाही, असं माझ्या मनाने पक्कं करून टाकलं होतं.

"मंग नको वाजवू," ती म्हणाली.

"ड्युटी हाय ना बेटा. वाजवा लागते."

"मंग सुट्टी घे!"

आणि त्या वेड्या माणसाने खरंच सुट्टी घेतली! दुसऱ्या दिवशी तिला शाळेतही पाठवलं नाही. दुपारी दोघं अंगणात बसली, ती त्याच्या मांडीवर, गुलाबी हेडफोन घालून. आज बाबा घरी, म्हणजे भोंगा घरी. दोघं खुशीत होती.

भोंगा झाला. रोजचाच.

सांचीने बापाची पाठ तपासली. त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाबा, तू तं इथी हाय!"

निखिल खूप वर्षं खाणीत आहे. त्याच्या तोंडावर असा पराभव मी पहिल्यांदा पाहिला. सांची मात्र त्या धुडूमला पळाली नाही. बापाच्या मांडीवर होती, पळणार कुठे? त्यामुळे हे जमेस धरावं की नाही, ते मला ठरवता येईना.

*

सोमवारी तिला पुन्हा शाळेत पाठवलं. निळा हेडफोन मॅडमच्या टेबलावर, गुलाबी घरच्या खिळ्याला. अशी माझी व्यवस्था होती. मॅडमनी सांगितलं होतं, "तुम्ही खिडकीशी उभं राहू नका. तुमचं तोंड पाहूनच ती घाबरते." बरोबर होतं त्यांचं. माझं तोंड पाहून मीसुद्धा घाबरते.

डबा झाल्यावर निघताना खिळ्याकडे नजर गेली. गुलाबी नव्हता.

गादी उलटी केली, मांडणीमागे पाहिलं, अंगणात पाहिलं. नाही. म्हणजे शाळेतलाही तिने घरी आणला असेल का? दोन्ही हरवले असतील का? टेबलावर निळा आहे हे मी शेवटचं कधी पाहिलं? निखिलला फोन करून म्हणावं, जरा थांब, तर ब्लास्टिंगच्या पट्ट्यात मोबाईल न्यायला बंदी. मी चप्पल न घालता निघाले.

पाईपपर्यंत पोचले आणि भोंगा झाला.

शालूताई उठली आणि फाटकासमोर हात पसरून उभी राहिली. कौसाबाई रोडच्या कडेला गेली, टोपली हातात घेऊन. एक टिप्पर लांबून येत होता. मी फाटकाकडे बघत होते. आता येईल. आता येईल. कानांवर हात, डोळे मिटलेले.

कुणी आलं नाही.

धुडूम झालं. पाईप हलला. टिप्पर निघून गेला. धूळ खाली बसली. तरी कुणी आलं नाही, आणि ते मला जास्त भयंकर वाटायला लागलं.

मग शाळेच्या मावशी फाटकाशी आल्या. हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. "सांचीची आई, तुमी आत या बरं जरा."

"काय झालं?"

"तुमी याच."

व्हरांडा मी कसा ओलांडला, माहीत नाही. वर्गाच्या दारात थांबले. सगळी पोरं आपापल्या जागी बसलेली, चिडीचूप. रजनी मॅडम खुर्चीत, ताठ. त्यांच्या अंबाड्यावरून कानांवर गुलाबी हेडफोन चढवलेला. एक गादी कानावर, एक गालावर. बाजूला सांची उभी होती, कानांवर निळा हेडफोन, आणि मॅडमच्या पदराचं टोक तिने दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवलेलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पण हेडफोन काढला नाही.

सांचीने मला पाहिलं. पदर न सोडता खांद्याने एक कान मोकळा केला आणि मला सांगितलं,

"आई, मॅडम पळाल्या नाई."